दहा फेऱ्यांचा निकाल आणि चाळीस फेऱ्यांची गाडी : एका स्टॉक कार डेमोचा प्रकरण अभ्यास

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी दुपारी माझा भाचा कोथरूडच्या आमच्या घरी लॅपटॉप घेऊन आला, स्टॉक कार शर्यतीच्या एका नव्या सिम्युलेशन खेळाचा डेमो त्याने दिवाणखान्यातील टीव्हीला जोडला आणि पाऊण तासात तो काढून टाकायचे ठरवले. “मामा, ह्यांचं फिजिक्सच चुकलंय. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते आणि वळणातून बाहेर पडताना दर वेळी गरकन फिरते,” हे त्याचे शब्द मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवले. पुढील नऊ दिवसांत त्याचे मत जवळजवळ उलटे झाले. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कारणांनी बदलले, हा या लेखाचा विषय आहे. मी बावीस वर्षे वाहनचाचणीत, त्यातही मुख्यतः सस्पेन्शनच्या कामात आहे आणि भाचा यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेमोत काही उणिवा आढळल्या आणि पूर्ण खेळात त्या कदाचित दुरुस्त होतील, म्हणून खेळाचे नाव देत नाही.

डेमोत फार काही नव्हते. दीड मैलाचा, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटरचा एक लंबवर्तुळाकार मार्ग, एकच गाडी, संगणकाने चालवलेल्या एकोणीस गाड्यांविरुद्ध दहा फेऱ्यांची एक शर्यत आणि मेन्यूच्या एका कोपऱ्यात, सहज नजरेआड व्हावे असे, सरावाचे सत्र. वळणे २४ अंशांत कललेली होती. अमेरिकेतील शार्लटच्या मार्गाची लांबी आणि कलही एवढाच आहे, त्यामुळे ही रचना निव्वळ कल्पनेतील नव्हे. भाच्याने सराव उघडलाच नाही. तो थेट शर्यतीत उतरला आणि त्याचे पहिले मत त्या दहा फेऱ्यांतून तयार झाले.

तो कोणत्या अपेक्षेने बसला होता

आपल्याकडे मोटार शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे फॉर्म्युला वन येते. भाच्याने आजवर खेळलेले सगळे खेळ त्याच घराण्यातील होते : सरळ रस्ता, जोराचा ब्रेक, वळण, पुन्हा ॲक्सिलरेटर. स्टॉक कारची परंपरा निराळी आहे. स्टॉक कार शर्यती भरवणारी नॅसकार ही अमेरिकी संस्था १९४८ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे स्थापन झाली, १९४९ मध्ये सुरू झालेल्या तिच्या मुख्य मालिकेत शोरूममध्ये मिळणाऱ्या गाड्याच शर्यतीत उतरवल्या जात आणि ‘स्टॉक’ हे नाव तिथूनच आले. आज नावाखेरीज त्यातील फारसे उरलेले नाही. आतला सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो, इंजिन ३५८ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.९ लिटरचे व्ही-८ असते आणि चालक व इंधन धरून गाडीचे वजन दीड टनाच्या वर जाते. इतकी जड आणि इतकी ताकदवान गाडी तुलनेने अरुंद टायरवर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने वळवायची असते, आणि दीड मैलाच्या मार्गावर बहुतेक वेळा ब्रेक न लावता, नुसता ॲक्सिलरेटर सैल करून. भारतीय वाचकाला जवळची वाटेल अशी एक नोंद इथे करतो. नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत मार्टिन्सव्हिल येथे उतरला होता. फॉर्म्युला वनमधून आलेल्या आपल्या चालकाने ही विद्या शिकण्याचे कष्ट घेतले, ही गोष्ट मला तेव्हाही मोलाची वाटली होती.

भाच्याच्या तक्रारी तीन होत्या. पहिल्या दोन वर आल्याच आहेत. तिसरी त्याने हळू आवाजात सांगितली, पण ती सर्वांत खोल होती : “नुसतं डावीकडेच वळायचं, मग त्यात बघायचं काय?”

डावीकडे ओढणारी गाडी

या पहिल्या तक्रारीत चूक माझी झाली आणि ती सविस्तर नोंदवली पाहिजे, कारण माझ्या अनुभवानेच मला फसवले. नेहमीच्या गाडीने एका बाजूला ओढले तर आम्ही आधी टायरमधील हवा पाहतो, मग अलाइनमेंट, मग ब्रेक चिकटतो आहे का ते. त्याच सवयीने मी खेळातही दोष शोधू लागलो. गेमपॅडची काडी मध्यावर नीट येत नसावी असे समजून रविवारची सकाळ कॅलिब्रेशनमध्ये घालवली. काडी निर्दोष होती. शेवटी गॅरेजचे पान उघडून गाडीची मांडणी वाचली, तेव्हा उलगडा झाला. पुढच्या डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, धन आणि उजव्याचा ऋण होता, म्हणजे दोन्ही चाकांचे माथे डावीकडे झुकलेले होते. डाव्या टायरमधील हवेचा दाब उजव्यांच्या निम्म्याच्या जवळपास होता. अशी गाडी समोर आली असती तर मी ती पहिल्या तपासणीतच नापास केली असती, परंतु फक्त डावीकडे वळण्यासाठी बांधलेल्या गाडीची मांडणी अशीच असावी लागते. सरळ पट्ट्यावर स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावे लागते आणि वळण आले की नुसता हात सैल सोडायचा, गाडी आपण होऊन आत शिरते.

ज्याला भाचा दोष म्हणत होता तो डेमोच्या खरेपणाचा पहिला पुरावा होता. मात्र खेळाने हे कुठेही सांगितलेले नव्हते. एका वाक्याची सूचना पडद्यावर आली असती तर आमची रविवारची सकाळ वाचली असती.

दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी

गाडी फिरण्याचा प्रश्न इतक्या सरळ सुटला नाही. चाचणीच्या कामातील पहिला नियम एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा असतो, तो मी इथेही पाळायला लावला. आहे त्या स्थितीत दहा फेऱ्या मारल्या तेव्हा गाडी सात वेळा फिरली आणि त्यापैकी सहा वेळा दुसऱ्या वळणातून बाहेर पडतानाच फिरली. मग टीव्ही ‘गेम मोड’वर घेतला. चित्र अधिक सुंदर दिसावे म्हणून टीव्ही त्यावर जी प्रक्रिया करतो तिला काही क्षण लागतात. चित्रपट पाहताना ते जाणवत नाही, परंतु इथे गाडीची शेपूट सुटल्याचे दृश्य डोळ्यांपर्यंत उशिरा पोहोचते आणि हात त्याहून उशिरा फिरतो. एवढ्या एका बदलाने सातचे चार झाले.

त्यानंतर भाच्याच्या मित्राकडून आठवडाभरासाठी स्टेअरिंग आणि पेडलचा संच आणला. स्टेअरिंग अभ्यासाच्या टेबलाला घट्ट बसले, पेडल मात्र आमच्या गुळगुळीत फरशीवर जोर दिला की पुढे सरकू लागले. गोणपाटाची दुहेरी घडी खाली घातली आणि पेडल व भिंत यांच्यामध्ये देवघरातील जुना पाट आडवा ठोकून बसवला, तेव्हा ते हलायचे थांबले. ही बाब किरकोळ वाटेल, पण पेडल अर्धा इंच सरकले तरी चालकाने मोजूनमापून दिलेला दाब वाया जातो आणि दोष गाडीच्या माथी येतो. गेमपॅडच्या खटक्यावर बोटाची हालचाल जेमतेम सेंटिमीटरभर असते, पेडलवर पावलाला कितीतरी जास्त वाव मिळतो. चाराचे दोन झाले.

राहिलेले दोन मात्र खऱ्या अर्थाने चालकाचे होते. वळणाच्या शेवटी स्टेअरिंग अजून वळलेले असतानाच भाचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबत होता. वळणात गाडीचा भार उजव्या अंगाला गेलेला असतो, मागच्या उजव्या टायरने आधीच गाडी बाहेर जाऊ न देण्याचे काम पत्करलेले असते आणि त्याच क्षणी त्याच्याकडून पुढे ढकलण्याचे कामही मागितले जाते. टायरची पकड ही एकच पुंजी आहे, ती दोन्हीकडे पुरी पडत नाही. भाच्याला हे मी त्याच्या स्कूटरच्या भाषेत सांगितले. पावसात कर्वे रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर वळता वळता पुढचा ब्रेक दाबला की काय होते, हे त्याने एकदा गुडघा फोडून अनुभवले आहे. दुसऱ्या स्पष्टीकरणाची गरज पडली नाही.

आणखी एका कारणाकडे खेळणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. खऱ्या गाडीत मागची बाजू सुटू लागली की ते डोळ्यांच्या आधी कमरेला कळते. चाचणी करताना मी सीटवरूनच गाडी वाचतो. सिम्युलेटरमध्ये ती वाट बंद असते. उरतात हात, डोळे आणि कान. या डेमोने कानांना चांगले काम दिले आहे : टायर मर्यादेजवळ आला की त्याचा आवाज आधी भरतो, मग खरखरीत होतो आणि त्या खरखरीपासून गाडी फिरेपर्यंत सुमारे अर्धा सेकंद मिळतो. भाच्याने पार्श्वसंगीत बंद केले आणि त्या दिवसापासून तो आवाजावर गाडी चालवू लागला.

कलत्या रस्त्याचे गणित

तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने विचारले, “पण मामा, २४ अंशांचा उतार आहे म्हणजे गाडीला आपोआप आधार मिळायला नको का?” बारावीच्या भौतिकशास्त्रात कलत्या रस्त्याचे सूत्र असते आणि त्याच प्रकरणात जत्रेतील मौत का कुआँदेखील असतो, त्यामुळे शंका रास्त होती. किराणा मालाच्या यादीच्या पाठीमागे आम्ही डेटोना येथील शर्यतमार्गाचे गणित मांडले, कारण तिथले आकडे मला पाठ आहेत : वळणाचा कल ३१ अंश, त्रिज्या सुमारे १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. घर्षण मुळीच नाही असे धरले तर गाडी ज्या वेगाने आपोआप वळेल तो येतो सेकंदाला सुमारे ४२ मीटर, म्हणजे ताशी १५० किलोमीटरच्या थोडा वर. चाचणीमार्गांवरही हाच हिशेब असतो. कललेल्या प्रत्येक पट्ट्याचा एक तटस्थ वेग ठरलेला असतो आणि त्या वेगाला स्टेअरिंगला जोर लावावा लागत नाही. इंदूरजवळ पिथमपूर येथे २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग याच तत्त्वावर चालतो.

डेटोनाला मात्र गाड्या त्या तटस्थ वेगाच्या दुपटीच्या आसपास धावतात आणि वेग दुप्पट झाला की लागणारे केंद्राभिमुख बल चौपट होते. उताराने दिलेला आधार संपल्यावर उरलेले सगळे ओझे टायरवर पडते. भाचा यादीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे उतार मदत करतो, पण टायर मरतो.” मला सांगायचे होते ते त्याने माझ्याआधी सांगितले.

चाळीस फेऱ्या

टायर मरतो हे शर्यतीत दिसले नव्हते, कारण दहा फेऱ्या, म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटे, टायर झिजायला पुरेशा नसतात. सरावाच्या सत्राला मात्र फेऱ्यांचे बंधन नव्हते आणि टायरची झीज तिथे चालू होती. पाचव्या दिवशी मी त्याला चाळीस फेऱ्या सलग मारायला सांगितल्या, ॲक्सिलरेटर किंवा रेषा यांविषयी एक शब्दही न बोलता, आणि शेजारी वही घेऊन बसलो.

पहिल्या पाच फेऱ्या ३०.९ ते ३१.१ सेकंदांत झाल्या. बाराव्या फेरीला त्याने स्टेअरिंग थोडे अधिक वळवलेले मला दिसले, वेळ ३१.६. गाडीचे नाक आत यायला कुरकुरू लागले होते, शर्यतीच्या भाषेत गाडी ‘टाइट’ झाली होती. विसाव्या फेरीच्या सुमारास चित्र उलटले. मागचा उजवा टायर संपत आल्याने आता शेपूट बाहेर जाऊ लागली, गाडी ‘लूज’ झाली. सव्विसाव्या फेरीला भाच्याने कोणीही न सांगता आतली वाट सोडली आणि भिंतीलगतच्या वरच्या वाटेने वळण घेतले. तिथे वळणाची त्रिज्या मोठी मिळते, गाडी कमी वळवावी लागते आणि झिजलेल्या टायरवरचा ताण हलका होतो. वेळ ३२.७ वरून ३२.४ वर आली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, पण खुर्चीत ताठ बसला. त्या क्षणी त्याची तिसरी तक्रार संपली असे मी समजतो. वळणे दोनच होती आणि दिशाही एकच होती, तरी प्रत्येक फेरीला गाडी वेगळी होती.

एकूण वेळ झाली २१ मिनिटे २८ सेकंद. दुसऱ्या दिवशी त्याने तीच धाव पुन्हा केली, या वेळी पहिल्या दहा फेऱ्या मुद्दाम राखून. वळणाआधी ॲक्सिलरेटर थोडा लवकर सोडायचा आणि बाहेर पडताना स्टेअरिंग सरळ होईपर्यंत धीर धरायचा, एवढेच ठरवले होते. सर्वांत जलद फेरी आदल्या दिवशीपेक्षा तीन दशांश सेकंदांनी मंद होती आणि एकूण वेळ मात्र २१ मिनिटे १६ सेकंद. बारा सेकंद म्हणजे या मार्गावर एक तृतीयांश फेरीहून जास्त अंतर. स्टॉक कार शर्यतीचा गाभा या बारा सेकंदांत आहे आणि डेमोच्या दहा फेऱ्यांच्या शर्यतीत तो कुठेही दिसत नाही, हा माझा या खेळाच्या निर्मात्यांवरचा मुख्य आक्षेप आहे. आपल्याजवळ असलेली सर्वांत चांगली वस्तू त्यांनी मेन्यूच्या कोपऱ्यात ठेवली आणि सर्वांत सामान्य वस्तू दारात मांडली.

भिंत, आवाज आणि उणिवा

आठव्या दिवशी भाच्याने एक प्रयोग केला, त्याला ऐतिहासिक आधार आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मार्टिन्सव्हिल येथे नॅसकारचा चालक रॉस चॅस्टेन याने शेवटच्या फेरीत गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, भिंतीच्या आधारानेच वळण पार केले आणि पाच गाड्या मागे टाकल्या. लहानपणी गेमक्यूब या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर नॅसकारचा खेळ खेळताना ही युक्ती सुचली होती, असे त्यानेच सांगितले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये नॅसकारने अशा चालीला यापुढे दंड होईल असे स्पष्ट केले. आमच्या डेमोत भिंतीला टेकलेल्या गाडीने शंभर मीटरमध्ये वेग गमावला आणि पुढच्या उजव्या चाकाची मांडणी वाकली, गाडी मग सरळ चालेना. दीड मैलाच्या मार्गावर, त्या वेगाला, हेच घडायला हवे. मला समाधान वाटले.

अशा खेळाला खेळणे म्हणून बाजूला सारता येत नाही. पपायरस या कंपनीने १९९४ मध्ये नॅसकारचा पहिला गंभीर सिम्युलेटर काढला, तिच्या संस्थापकांपैकी डेव्ह केमर यांनी पुढे आयरेसिंग ही ऑनलाइन सिम्युलेटर सेवा उभी केली, ती २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि त्याच आयरेसिंगवर हात बसवून खऱ्या शर्यतीत उतरलेला विल्यम बायरन २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे डेटोना ५०० ही शर्यत जिंकला. त्यामुळे डेमोची परीक्षा मी कामावरच्या गाडीइतक्याच कठोरपणे घेतली.

स्पॉटरचा आवाज ही या डेमोची मला सर्वांत आवडलेली बाजू. स्पॉटर हा प्रेक्षागाराच्या छपरावर उभा राहून रेडिओवरून चालकाला आजूबाजूच्या गाड्या सांगणारा माणूस. डोक्यावरचे शिरस्त्राण आणि सीटची आडवी पट्टी यांमुळे चालकाला बाजूचे जवळजवळ काहीच दिसत नाही. घाटात ट्रकचा क्लीनर डाव्या अंगाने पत्रा थोपटत “येऊ दे, येऊ दे” म्हणतो आणि ड्रायव्हर त्या हाकेवर डोळे झाकून विश्वास टाकतो, तसेच हे नाते आहे. डेमोतील स्पॉटर वेळेवर बोलतो आणि नको तेव्हा गप्प राहतो.

उणिवा मात्र खऱ्या आहेत. पिवळा झेंडा नाही, त्यामुळे अपघातानंतर गाड्या एकत्र येऊन शर्यत नव्याने सुरू होण्याचा भाग नाही. पिट थांबा, म्हणजे शर्यतीच्या मध्येच टायर बदलण्यासाठी बाजूला थांबण्याची सोय, तीही बंद आहे. पिटमध्ये मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा भार कमीजास्त करतात आणि तो पाना पाव फेरा फिरवून टाइट किंवा लूज झालेली गाडी ताळ्यावर आणतात. गॅरेजच्या पानावर तीच गोष्ट आकड्याने बदलता येते, पण ऐन धावेत नाही. संगणकाच्या गाड्यांचे टायर तर झिजत नसावेत अशी मला दाट शंका आहे, कारण सरावात त्यांची तिसावी फेरी पहिलीइतकीच जलद होती. असे असेल तर टायर राखणाऱ्या खेळाडूला त्याचे फळ मिळणार नाही, आणि पूर्ण खेळ विकत घेण्याआधी याचा उलगडा झालाच पाहिजे.

नवव्या दिवशी रात्री भाचा निगडीला परत गेला. डेमो त्याच्या लॅपटॉपवर अजून आहे. स्टेअरिंगचा संच रविवारी मित्राला परत द्यायचा आहे. सत्राची वेळ दुपारऐवजी रात्रीची निवडता येते हे त्याला जाताना सापडले. थंड डांबरावर टायर जास्त टिकतात हे खरे असेल, तर बाराव्या फेरीला येणारी कुरकुर पुढे सरकायला हवी. वहीत त्यासाठी चाळीस ओळी आखून ठेवल्या आहेत, आणि शनिवारी रात्री जेवण झाल्यावर तो पुन्हा पाट भिंतीला लावून बसणार आहे.